तिसऱ्या माडावरचा डबा

त्या सकाळी हाळी आली नव्हती, हे मी आजही कुणापुढंही छातीवर हात ठेवून सांगेन. आली असती तर मी बंदूक उचललीच नसती.

मी मागल्या दारच्या दगडी गडग्याला पाठ लावून बसले होते. मांडीवर एअरगन, दातात एक स्क्रू, हातात बारका पान्हा. बंदुकीवरची दुर्बीण परत बोटभर मागं सरकली होती, ती जागेवर आणून घट्ट करत होते.

"सूनबाई, भात करपतोय," सासूबाई आतनं म्हणाल्या.

"करपू दे. वानरं आलीत फणसावर. नारळ ऱ्हायले तर भात खाऊ."

"जिभेला हाड म्हणून नाही हिच्या," त्या पुटपुटल्या आणि स्वतः उठून पातेलं उतरवलं.

मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन गुहागरकडच्या या वाडीत आले तेव्हापासून लोक मला 'घाटावरची' म्हणत, आणि मी काहीही केलं तरी "घाटावरची ना, चालायचंच" म्हणून सोडून देत. नवरा, विश्राम, बोटीवर. वर्षातले नऊ महिने समुद्रावर. घरी मी, सासूबाई आणि एक्केचाळीस माड. ह्या माडांवर वानरांचा असा डोळा की विचारू नका. कोवळी शहाळी तोडायची, दोन घोट प्यायची, बाकी खाली टाकायची. पंधरा-वीस जणांची टोळी आली की अर्ध्या तासात बागेचा उकिरडा.

आणि मारायची सोय नाही. कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी वाडीच्या टेकडीवर मारुती आहे. वानराला दगड लागला तरी माणसं कान पकडतात. म्हणून वाडीची एक रीत होती. माडांच्या शेंड्याखाली गोडेतेलाचे रिकामे पत्र्याचे डबे बांधायचे आणि वानरं आली की खालून गोफणीनं डब्याला दगड मारायचा. डबा ठण्णकन वाजला की टोळी पळते. वानराला मारायचं नाही, डब्याला मारायचं. पण गोफण फिरवायला बाप्याचा खांदा लागतो, आणि माझे दगड शेजारच्या कौलांवर जायला लागले तेव्हा मी म्हटलं, बास. माहेरी गेले आणि कोल्हापुरातनं एअरगन घेऊन आले.

दुकानदार म्हातारा होता, पण हुशार. "कुणासाठी पाहिजे?" म्हणाला.

"मला."

त्यानं वर-खाली बघितलं आणि आधी एक लांबलचक, काळी, रुबाबदार बंदूक पुढं ठेवली. "ही बघा, सगळ्यात जोरदार."

"जोर कशाला? डबा वाजवायचाय, फोडायचा नाही."

मग तो हसला आणि वेगळाच माणूस झाला. मधल्या आकाराची एक लाकडी दस्त्याची काढली. ह्या बंदुका नळी मधनं मोडून, स्प्रिंग दाबून चढवायच्या असतात. म्हणाला, "वीस वेळा चढवा. इथंच, माझ्यासमोर. दुकानात एकदा कुणीबी चढवतंय ताई. घरी विसाव्यांदा हात थरथरायला लागला की नेम गेला म्हणायचा." मी वीस वेळा चढवली. घाम फुटला, पण हात थरथरला नाही. मग तीच घेतली.

दुर्बिणीचं त्यानं मला दोनदा सांगितलं. "स्प्रिंगची बंदूक पुढं आणि मागं, दोन्हीकडं झटका देती. दुर्बीण सरकणारच. सरकली की घट्ट करा, आणि घट्ट केली की परत नेम जुळवा. मातीच्या ढिगाऱ्यापुढं पुठ्ठा ठेवायचा, तीस पावलांवरनं पाच छर्रे मारायचे, कुठं लागतंय ते बघायचं, मग स्क्रू फिरवायचे. त्याशिवाय दुसरीकडं कुठंही मारायचं नाही. आणि एकदा चढवली की ही उडवल्याशिवाय उतरत नाही, ध्यानात ठेवा."

चार महिने मी ध्यानात ठेवलं. माझा नेम इतका बसला होता की पहिल्या छर्ऱ्याला डबा वाजायचा. पण वाडीत कुणाचा विश्वास नव्हता. वानरं गेली की म्हणायचे, वैनीला बघून गेली असतील.

त्या सकाळी मात्र मी पुठ्ठा लावला नाही. आळस. दुसरं काही नाही, निव्वळ आळस. दुर्बीण घट्ट केली आणि मनात म्हटलं, डबा आहेच की समोर, तिथंच कळेल कुठं लागतंय ते.

तिसऱ्या माडाच्या शेंड्यात झावळ्या हलत होत्या. फणसावरचं एखादं वानर तिकडं गेलं असणार. मी नळी मोडली, छर्रा घातला, कोपर गडग्यावर टेकवलं. दुर्बिणीत डबा आला. पिवळा, गंजलेला, मधोमध फुलीवर. श्वास सोडला आणि चाप ओढला.

डबा वाजला नाही.

झावळ्या एकदम हलायच्या थांबल्या. वानर असतं तर उडी मारून पळालं असतं, ओरडलं असतं. इथं काहीच नाही. मला पहिल्यांदा रागच आला, नेम चुकल्याचा. हाताला सवय लागलेली, मी लगेच नळी मोडून दुसरा छर्रा भरला आणि परत डोळा लावला. डबा दिसला. मग कुठं लागलं बघावं म्हणून दुर्बीण जरा वर नेली.

दुर्बिणीच्या गोलात एक हात होता. माणसाचा. झावळीचा देठ धरलेला, आणि मनगटावरनं लाल ओघळ कोपराकडं निघालेला.

आई अंबाबाई! आणखी वर नेली तर तोंड. जानू. आमचा पाडेली. वाडीतल्या सगळ्यांचे नारळ उतरवणारा जानू, ज्यानं स्वतः चढून मला डबे बांधून दिले होते, तो माडाच्या शेंड्यात चाळीस फुटांवर बसला होता आणि एकटक खाली बघत होता.

आमच्याकडं पाडेल्यानं हाळी दिल्याशिवाय माडावर पाय ठेवायचा नाही. घरांच्या मागं न्हाण्या असतात, झापांच्या म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या भिंती, वर छप्पर नाही. बायका अंघोळीला असतात. म्हणून बुंध्याशी उभं राहून "माडावर हाऽऽय" म्हणून ओरडायचं, मगच चढायचं. जानू कधी चुकला नव्हता. त्याची हाळी टेकडीपलीकडं जायची. आणि त्या दिवशी तो चोरासारखा गुपचूप चढला होता.

तो तोल जाऊन पडेल, एवढंच डोक्यात होतं. आत्ता पडेल. मी त्याच्या तोंडावरनं दुर्बीण हलवेना. हलवली की नुसत्या झावळ्या दिसायच्या, माणूस दिसायचाच नाही, आणि न दिसता तो पडला तर? त्याचे ओठ हलत होते. हात घट्ट आहे का? डोळे मिटतोय का? मी बघत राहिले. किती वेळ ते सांगता यायचं नाही. पण खूप वेळ.

मग बोटाला गार लोखंड लागलं.

बोट चापावर होतं. बंदूक चढवलेली होती, आत छर्रा होता, आणि नळीच्या टोकाला जानूचं तोंड होतं. बोट काढायला गेले तर ते निघेना, सांगते, खिळ्यासारखं बसलेलं. दुसऱ्या हातानं ते बोट मी उचलून काढलं. बंदूक उडवून मोकळी करावी तर आवाजानं तो दचकेल. ओरडून विचारावं तरी दचकेल. एक हात फुटलेला, दुसरा सुटला की संपलं. मी नळी गडग्याच्या चिऱ्यांकडं करून बंदूक हळूच खाली ठेवली आणि अनवाणीच माडाखाली जाऊन उभी राहिले.

वर बघितलं की कपाळावर थेंब पडला. पुसला तर लाल.

"जानू," मी हळू म्हटलं. "हळूहळू उतर. घाई करू नको."

दोन सुकी झापं खाली पडली, आणखी दोन पडली. मेल्या, अशा वेळी झापं कसली ओढतोस, असं ओठावर आलं होतं. मग पायातला दोर घसटल्याचा आवाज. तो उतरायला लागला. एक हात माडाला, दुसरा छातीशी. प्रत्येक वेळी दोर सरकला की मी डोळे मिटत होते. शेवटच्या पुरुषभर उंचीवर त्याचा पाय घसरला, मी किंचाळले, आणि तो उडी मारून माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"दाखव हात."

त्यानं डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"अरे दाखव की! आणि हाळी का दिली नाहीस? मी वानर समजले. दुर्बीण सरकलेली... जानू, मी डब्याला मारत होते रे."

"भागीकाकी गेली पहाटे," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "गावात मढा असताना हाळी देत नाय. चितेला सुकी झापं लागतात, गावकर बोलले घेऊन ये."

भागीरथीकाकू म्हणजे वाडीचे मुख्य असलेल्या गावकरांची आई. आमचं घर वाडीच्या टोकाला, बातमी पोचलीच नव्हती. आणि गावात मयत असताना पाडेली गप्प चढतो, हे मला घाटावरचीला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं एका हातानं झापं गोळा केली, खांद्यावर टाकली आणि गेला. मागं वळून बघितलं ते एकदाच, गडग्यावरच्या बंदुकीकडं. तो दिसेनासा झाल्यावर मी ती केळीच्या आळ्यात धरून ओल्या मातीत उडवली आणि मग मटकन खाली बसले.

सासूबाईंना सांगितलं नाही. कुणालाच नाही. दुपारपर्यंत मी एकच गोष्ट करत होते, पायांचे आवाज ऐकत होते. कुणीतरी येणार. पोलीस पाटील येणार. "घाटावरच्या बाईनं माणसावर बंदूक चालवली." विश्रामला बोटीवर तार जाणार. कुत्रं भुंकलं तरी माझ्या हातातलं भांडं पडत होतं.

कुणी आलं नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी पिठलं-भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. "जा. तूच जा, मला चढण होत नाही."

गावकरांच्या घरापुढच्या खळ्यात पुरुषमाणसं अंघोळी करून बसली होती. जानू खांबाला टेकून, फडक्यातला हात मांडीवर. फडकं काळं पडलेलं. मला बघून त्यानं पाय जवळ ओढून घेतले.

"काय वैनी, कळला की नाय?" गावकर म्हणाले. आईच्या मयताच्या दिवशीही त्यांचा आवाज करडाच. "जानूला कोयती लागली. स्वतःची."

मी हातातलं पातेलं खाली टेकवलं. कोयती? मी जानूकडं बघितलं. तो खाली बघत होता.

बाजूला बसलेले अनंतकाका, वाडीतले सगळ्यांत म्हातारे, मान हलवत होते. "पाडेल्याला त्याची कोयती चावली म्हणजे माडानं त्याला नको म्हटलान. माझ्या बापाच्या वेळी असंच झालेलं. ऐकला नाय, चढला, नि आठव्या दिवशी पडून मेला. आमच्या माडांना आता जानू नको."

"आमच्याही," दुसरा म्हणाला.

"चारही वाड्यांत सांगायला हवं," गावकर म्हणाले. "जानू, वाईट वाटून घेऊ नको बाबा. रीत आहे."

जानूनं नुसती मान हलवली. त्याला जमीन नव्हती, होडी नव्हती. बायको आणि दोन मुली त्या माडांवर जगत होत्या. एका शब्दानं त्याचे सगळे माड काढून घेत होते, आणि तो गप्प. माझं नाव वाचवायला हा माणूस स्वतःचं पोट मारतोय, असं मला वाटलं. आत्ता गप्प बसले तर कुणाला कधीच कळणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

"कोयती नाही लागली," मी म्हटलं. कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून परत म्हटलं. "कोयती नाही. माझा छर्रा लागलाय त्याला."

मग एकजण हसला. मयताच्या घरात, तोंडावर हात ठेवून, पण हसला.

"वैनी, तुमचा छर्रा?" गावकर म्हणाले. "खालून शेंड्यात? जानूची दया येते ते कळला आमाला. पण म्हणून असा काय पण..."

"नाय, नाय," जानू घाईनं म्हणाला. "कोयतीच. वैनींचा काय नाय त्यात. त्यांचा नाव घेऊ नका."

"फडकं सोड," मी म्हटलं.

"नको."

"सोड म्हणते ना!"

त्यानं हात पाठीमागं नेला. चाळिशीचा गडी, चाळीस फुटांवर एका हातानं लोंबकळणारा, आणि माझ्यासमोर अंग चोरून खांबाला चिकटला होता. मी खाली बसले, सगळ्यांसमोर त्याचं मनगट धरलं आणि पुढं ओढलं. तो थरथरत होता. मला वाटलं, दुखतंय. फडक्याची गाठ सुटेना तेव्हा दातानं सोडली.

अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात एक बारीक गोल भोक होतं. कापल्याची रेघ नाही. आणि भोकापासून दोन बोटं पुढं, कातडीखाली, चिंचोक्याएवढा उंचवटा.

"बोट लावा," मी गावकरांना म्हटलं. "कोयती कातडीच्या आत ऱ्हाते का बघा."

गावकरांनी बोट लावलं. उंचवटा कातडीखाली सरकला. त्यांनी हात झटकन मागं घेतला आणि माझ्याकडं बघितलं. सात वर्षांत त्या वाडीनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. कुणी हसत नव्हतं. अनंतकाका उठून दोन पावलं बाजूला झाले.

"माड जानूचेच," गावकर म्हणाले. "हात बरा होईपर्यंत कोणी दुसरा चढायचा नाय. नि ती बंदूक उद्या देवळात आणून ठेवा. आता आधी याला डॉक्टरकडं न्या, तुमीच न्या."

वाडीखालच्या रस्त्यावर रिक्षा मिळाली. मी आत बसले. जानू कडेला, इतका कडेला की अर्धा बाहेर. मला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. त्याचे माड वाचले होते. आता पोलीस आले तर येऊ देत, असंही वाटत होतं.

"जानू," मी म्हटलं, "तुझे उपकार कसे फेडू रे? माझ्यासाठी एवढं खोटं बोललास. पोटावर पाय येत होता तरी."

तो रस्त्याकडं बघत होता.

"तुमच्यासाठी कुठला ओ वैनी," तो म्हणाला. "भिऊन."

"कुणाला?"

त्यानं फडकं परत हाताला घट्ट गुंडाळलं. मग रिक्षाच्या आवाजात ऐकू येईल न येईल अशा बेतानं बोलायला लागला.

"पैला लागला तेव्हा वाटला, चुकून. वैनी डब्याला मारतात, मला माहीत हाय. पण मग तुमी परत भरलीत. मी वरून बघत होतो. नळी मोडलीत, छर्रा घातलात, नि सरळ माझ्या तोंडावर धरलीत. मी म्हटला, हालला तर मारतील. ओरडला तर मारतील. पोरींची नावं घेत बसलो. गावकरांसमोर खरा बोललो असतो तर तुमी काय केला असता, मला काय माहीत?"

"अरे देवा, जानू! मी तुला कशाला मारू?"

"ते वर बसून कोण विचारणार?"

"मी बघत होते रे तुला! पडतोस की काय म्हणून. दुर्बिणीशिवाय दिसत नव्हतास. तेवढंच. देवाशपथ तेवढंच."

तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"माझा तोंड दिसत होता तुमाला?"

"हो."

"मोठा?"

"मोठं. अगदी जवळ."

"म्हणजे मी भ्यालेला पण दिसला असेल."

मी मान हलवली. त्याचे हलणारे ओठ मला दिसले होते.

"मग खाली का नाय घेतलीत?" जानूनं विचारलं.

रिक्षा डॉक्टरच्या दारात थांबली. तो उतरला, फडक्यातला हात पोटाशी धरून आत गेला आणि बाकावर भिंतीकडच्या टोकाला बसला. मी दुसऱ्या टोकाला बसले. आमच्यामध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा होती, आणि आमचा नंबर येईपर्यंत तिथं कुणी बसलं नाही.